कागदी वेष्टनांना नैसर्गिक लेपाचे कवच

कागद झाडापासून होतो, तेव्हा तो मातीत मिळून जाणारच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्लॅस्टिकच्या ताटल्या आणि थर्माकोलचे द्रोण यांवर निर्बंध आल्यानंतर जत्रा, आठवडे बाजार, विवाहसमारंभ आणि सार्वजनिक कार्यक्रम यांमधून कागदी कप, कागदी ताटल्या व कागदी डबे यांचा वापर वाढला, तो याच समजुतीच्या बळावर. परंतु समारंभ आटोपल्यावर हा कचरा नाडेप टाक्यात टाकावा आणि तीन-चार महिन्यांनी टाके उघडून पाहावे. कागद कुजून गेलेला असतो. मात्र त्याच्या आतील अंगास चिकटवलेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पारदर्शक पडदा जसाच्या तसा शिल्लक असतो. खत शेतात जाते आणि त्याबरोबर हा पडदाही जातो.

हा पडदा पॉलिथिनचा असतो. चहाच्या साध्या कागदी कपाच्या वजनात त्याचा वाटा सुमारे ५ टक्के, म्हणजे नगण्यच वाटावा असा. पण कपाचे भवितव्य ठरवतो तो हा ५ टक्क्यांचा वाटा. उरलेल्या ९५ टक्के कागदाचा गुण त्यापुढे व्यर्थ ठरतो. कागदापासून पडदा वेगळा करणे खर्चाचे असल्याने रद्दीवाला असे कप सहसा घेत नाही, खतात ते पूर्णपणे कुजत नाहीत आणि जाळावेत तर धूर होतो.

खरगपूर येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या संशोधकांनी या प्रश्नाची आणखी एक बाजू पुढे आणली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटे राहिले, तर आतील अस्तरातून सुमारे २५,००० सूक्ष्मकण त्या पाण्यात उतरतात. चहा पिण्यास लागणारा वेळ साधारण तेवढाच. प्रश्न केवळ उकिरड्याचा नाही, तो पोटाचाही आहे, हे यावरून लक्षात यावे.

राज्यात अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाविषयीच्या २००६ च्या अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोल यांच्या वस्तूंसंबंधी अधिसूचना निघाली. जुलै २०२२ मध्ये तिच्यात सुधारणा होऊन प्लॅस्टिकचा लेप वा थर असलेल्या कागदी ताटल्या, कप, वाट्या आणि डबे यांचाही बंदीत समावेश करण्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस, खत होऊ शकणाऱ्या पदार्थांपासून बनवलेल्या व तसे प्रमाणपत्र मिळालेल्या वस्तूंना सवलत देण्यात आली. कायद्याने अशा रीतीने 'कागद' या शब्दापुरते समाधान न मानता कागदावर काय लावले आहे, याकडे बोट दाखवले. आता तो लेप कशाचा असावा, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

कागदाला लेप का लागतो?

कागद म्हणजे सेल्युलोजच्या असंख्य तंतूंची एकमेकांत गुंतलेली चटई. या तंतूंना पाण्याची विलक्षण ओढ असते. थेंब पडताच ते पाणी शोषून फुगतात आणि त्यांची परस्परांवरील पकड सुटते. तेलाची गोष्ट निराळी. तेल तंतूंना फुगवत नाही. ते तंतूंमधील पोकळ्यांतून, दिव्याच्या वातीतून चढावे तसे, पसरत जाते. भज्यांची पुडी पाहता पाहता पारदर्शक होते ती यामुळे. म्हणजेच कागदाला पाणी व तेल या दोन निरनिराळ्या शत्रूंशी सामना द्यावा लागतो आणि एकाला अडवणारा पदार्थ दुसऱ्याला अडवीलच, असे नाही. नैसर्गिक लेपांविषयीचे बहुतेक सारे यशापयश या एका वाक्यात सामावले आहे.

कागदाला नैसर्गिक लेप देणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. जुन्नर आणि दौलताबादजवळील कागजीपुरा येथे तयार होणाऱ्या हातकागदाला पिठाची खळ लावून तो वाळवीत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटीत. खळीमुळे तंतूंमधील पोकळ्या बुजत, शाई फुटत नसे आणि लेखणी सुरळीत चाले. पेशवे दफ्तरातील कागदपत्रे आजही वाचता येतात, त्यात या खळीचाही वाटा आहे. तेथे शाईला आवरायचे होते. येथे तेलाला आवरायचे आहे. तत्त्व तेच.

खळीपासून कोळंबीच्या टरफलापर्यंत

आज ज्या नैसर्गिक पदार्थांचा लेप म्हणून विचार होतो, त्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट पिष्टमय व तत्सम पदार्थांचा. मका, तांदूळ, साबुदाणा यांचे स्टार्च, समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट आणि कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून काढलेले कायटोसॅन हे त्यातील प्रमुख. हे पदार्थ पाण्यात, किंवा कायटोसॅनच्या बाबतीत सौम्य आम्लात, विरघळवून कागदावर पसरतात. वाळल्यावर त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो आणि तो तेलाला उत्तम अडवतो. परंतु मूळचे पाण्यात विरघळणारे हे द्रव्य पाण्यापुढे टिकत नाही.

दुसरा गट प्रथिनांचा. मक्यातील झीन, सोयाबीनमधील प्रथिन, दुधातील केसीन आणि चीज करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिन यांचा त्यात समावेश होतो. यांपैकी झीन विशेष लक्षणीय, कारण ते पाण्यात विरघळत नाही; पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळते. साहजिकच त्याचा पापुद्रा स्टार्चपेक्षा ओलाव्याला अधिक दाद देत नाही. मात्र स्टार्च जितके स्वस्त, तितके झीन महाग.

तिसरा गट मेण व राळेचा. मधमाशांचे मेण, ब्राझीलमधील एका ताडजातीच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण आणि आपली लाख हे पदार्थ पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. लाखेचा विचार आपल्याकडे अधिक व्हावयास हवा. लाखेचे कीटक पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढतात आणि पळस तर पूर्व विदर्भाच्या रानांत जागोजागी आहे. ज्या पळसाच्या पानांनी पिढ्यान् पिढ्या पत्रावळी पुरवल्या, त्याच्याच फांदीवरील लाख कागदाच्या पत्रावळीला पाण्यापासून वाचवू शकते, हा योगायोग मोठा मनोहर आहे. सुतार लाकडी सामानाला पॉलिश करतो, ते स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच असते. गोळ्या, मिठाई आणि फळे यांना चकाकी देण्यासाठीही ती वापरली जाते. तेव्हा अन्नाशी तिचा संबंध नवा नाही. रांची येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी स्थापन झालेली संस्था नाव व कार्यक्षेत्र बदलत आजही कार्यरत आहे.

कायटोसॅनविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण कोकण किनाऱ्याशी त्याचा थेट संबंध पोहोचतो. कोळंबी सोलल्यानंतर डोके आणि टरफल मिळून तिच्या वजनाचा बराच मोठा भाग टाकाऊ ठरतो आणि बंदरांवर त्याची दुर्गंधी हा नित्याचा त्रास असतो. हे टरफल प्रथम आम्लात ठेवून त्यातील चुना काढतात, मग अल्कलीत शिजवून प्रथिन काढतात. उरते ते कायटिन. तीव्र अल्कलीत तापवून त्याचे कायटोसॅन होते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या प्रक्रियेवर दीर्घकाळ काम केले आहे. कायटोसॅन तेल अडवतेच. शिवाय त्याच्या रेणूंवरील धनभार जिवाणूंच्या आवरणाला बाधक ठरत असल्याने पदार्थाच्या पृष्ठभागावरील जिवाणूंची वाढही मंदावते. हा दुहेरी लाभ अन्य लेपांत क्वचितच आढळतो. तथापि प्रक्रियेत वापरलेल्या आम्ल-अल्कलीच्या पाण्याची विल्हेवाट नीट लावली नाही, तर उकिरड्यावरचे प्रदूषण नाल्यात नेण्यापलीकडे काही साधणार नाही.

येथे आपल्या समाजापुरता एक प्रश्न उद्भवतो आणि परदेशी लेखनात त्याचा सहसा विचार आढळत नाही. कोळंबीच्या टरफलाचा किंवा कीटकजन्य लाखेचा लेप असलेल्या पुडीत उपवासाचा पदार्थ किंवा देवस्थानाचा प्रसाद बांधणे अनेकांना रुचणार नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरवी खूण पदार्थातील घटकांविषयी असते. तिच्यावरून वेष्टनाच्या लेपाचा उगम कळत नाही. कवचधारी जलचरांची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्यांचा विचारही करावा लागतो. या बाबी क्षुल्लक मानून चालणार नाही. लेपाचा उगम वेष्टनावर स्पष्ट छापला गेला, तर निम्मा संशय जागीच फिटेल.

एकाच पदार्थात सारे गुण मिळत नाहीत, म्हणून संशोधकांचा कल दोन थरांकडे आहे. कागदाला लागून स्टार्च किंवा कायटोसॅनचा थर द्यावयाचा, तो तेल अडवतो. त्यावर मेणाचा किंवा लाखेचा हात फिरवावयाचा, तो पाणी अडवतो. मुंबईत माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २०१५ साली नॅनोसेल्युलोज तयार करण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. सेल्युलोजचे हे अतिसूक्ष्म तंतू लेपात मिसळले असता पापुद्रा अधिक दाट व बळकट होतो. म्हणजे कागदाचे छिद्र बुजवावयाचे तेही कागदाच्याच द्रव्याने.

अडचणी कोठे आहेत?

इतके सारे उपलब्ध असताना बाजारात अद्याप पॉलिथिनचेच राज्य का, असा प्रश्न कोणीही विचारील. किंमत हे एक कारण खरे. पण एकमेव नव्हे. १९३३ साली इंग्लंडमध्ये एका प्रयोगाच्या ओघात अनपेक्षितपणे हाती लागलेले पॉलिथिन वितळवून धावत्या कागदावर सरळ ओतता येते. ते तत्काळ थिजते आणि वाळवण्याची गरजच राहत नाही. नैसर्गिक लेप बहुधा पाण्यात कालवलेले असतात. ते पाणी उडवण्यास उष्णता लागते, वेळ लागतो आणि दरम्यान ओला झालेला कागद वाकतो. शिवाय पॉलिथिन उष्णतेने स्वतःच चिकटते. कपाची उभी शिवण आणि बूड त्यामुळेच डिंकाशिवाय जुळतात. स्टार्चला ती सोय नाही.

घडीचा प्रश्नही असाच आहे. स्टार्चचा नुसता पापुद्रा ठिसूळ असतो. डबा तयार करताना कागद दुमडला की घडीवर त्याला तडा जातो आणि तेल नेमके तेथूनच झिरपते. तो लवचीक व्हावा म्हणून त्यात ग्लिसरिन घालतात. पण ग्लिसरिन हवेतील ओलावा ओढून घेते. त्याचे प्रमाण किती ठेवावे, यावर प्रयोगशाळांतून आजवर पुष्कळ काम झाले आहे आणि कोरड्या हवेसाठी जुळवलेले प्रमाण दमट किनारपट्टीवर जसेच्या तसे उपयोगी पडेल, असे मानता येत नाही.

सर्वांत अवघड परीक्षा गरम चहाची. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंशांवर वितळते. कार्नोबा सुमारे ८२ ते ८६ अंशांवर. लाख त्याही आधी मऊ पडू लागते. टपरीवरचा उकळता चहा कपात ओतला जातो तेव्हा यांपैकी एकाचाही निश्चिंतपणे भरवसा धरता येत नाही. तेव्हा नैसर्गिक लेपाचा चहाचा कप हे आज सर्वत्र देता येईल असे उत्तर नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चहासाठी धुऊन पुन्हा वापरता येणारे काचेचे किंवा स्टीलचे पेले आणि मातीचे कुल्हड हाच आज तरी राजमार्ग आहे.

पदार्थ पाहून कागद

वस्तुतः 'कोणता लेप चांगला?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता पदार्थ, किती गरम आणि किती वेळ, ही तीन उत्तरे मिळाल्याखेरीज लेप ठरवता येत नाही. फुटाणे, चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे यांना कसल्याही लेपाची गरज नाही. स्वच्छ, न छापलेला कागद पुरे. वडापाव आणि भजी यांना पाव-अर्धा तास तेल अडवणे एवढेच हवे असते आणि नैसर्गिक लेपांची खरी जागा ही आहे. येथे स्टार्चचा अथवा शैवालाचा लेप आपले काम चोख करतो. लंडनमधील नोटप्ला या कंपनीने समुद्रशैवालाचा लेप दिलेले जेवणाचे पुठ्ठ्याचे डबे बाजारात आणले आणि २०२२ साली तिला अर्थशॉट पारितोषिक मिळाले, ते याच प्रकारच्या कामासाठी.

काही वेळा तर लेपही लागत नाही. कागदाचा लगदा दीर्घकाळ कुटून तंतू इतके बारीक व दाट करतात, की तेलाला वाटच उरत नाही. याला तेलरोधी कागद म्हणतात आणि त्यासाठी भारतीय मानकही आहे. रस्सा, दही, ताक अशा ओल्या पदार्थांना मात्र दोन थरांचा लेप हवा आणि तोही थोड्या वेळापुरता. घरी नेऊन दुसऱ्या दिवशी खाण्याच्या पदार्थासाठी आपला डबा सोबत न्यावा, हे उत्तम.

वर्तमानपत्राचा कागद मात्र यात कोठेही बसत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांनुसार खाद्यपदार्थ बांधण्यासाठी वा साठवण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास मनाई आहे, कारण छपाईच्या शाईतील द्रव्ये गरम तेलात उतरतात. प्लॅस्टिक बंद झाले म्हणून रद्दीकडे वळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

नावांची गल्लत

बाजारात 'जैव', 'हरित', 'पर्यावरणस्नेही' अशी विशेषणे सढळ हाताने छापली जातात. त्यातील भेद समजून घेतला नाही, तर खरेदी फसते. वनस्पतीपासून तयार झालेला प्रत्येक पदार्थ मातीत आपोआप कुजतो, असे नाही. मक्याच्या किंवा उसाच्या शर्करेपासून पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे प्लॅस्टिक करतात. ते खत होण्याजोगे म्हणून प्रमाणित होऊ शकते. पण प्रमाणपत्रामागची चाचणी सुमारे ५८ अंशांच्या नियंत्रित तापमानात होते आणि सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचे कर्बवायूत रूपांतर व्हावे, अशी अट असते. मोठ्या शहरी खतप्रकल्पात ते तापमान राखता येते. गावच्या नाडेप टाक्यात ते सातत्याने टिकत नाही. स्टार्च, अल्जिनेट, मेण यांचे तसे नाही. मातीतील जिवाणू व बुरशी यांना हे पदार्थ पूर्वीपासून परिचित आहेत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही रासायनिक बदल न केलेली नैसर्गिक बहुवारिके प्लॅस्टिकच्या व्याख्येतून वगळली आहेत, ती या भेदामुळेच.

दुसरी गल्लत अधिक गंभीर आहे. उसाच्या चिपाडाच्या लगद्यापासून केलेल्या ताटल्या दिसायला निर्दोष असतात. त्यांवर पॉलिथिनचा पडदाही नसतो. परंतु तेल अडवण्यासाठी लगद्यातच फ्लोरिनयुक्त रसायने मिसळण्याची पद्धत जगभर होती. ही रसायने निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत आणि शरीरात साठतात. डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नासाठीच्या कागद-पुठ्ठ्यात त्यांना बंदी केली. अमेरिकेत अशी तेलरोधक द्रव्ये अन्नवेष्टनासाठी विकणे थांबल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. खत म्हणून शेतात जाणाऱ्या ताटलीत ती असणे सर्वथा अनिष्ट होय.

गावपातळीवर काय करता येईल?

जत्रा, ग्रामसभा, शालेय स्नेहसंमेलन यांसाठी ताटल्या-द्रोणांची खरेदी करताना दरपत्रकात केवळ 'कागदी' असा शब्द न लिहिता लेपाचा प्रकार नमूद करावयास सांगावे. फ्लोरिनयुक्त रसायने वापरलेली नाहीत, असे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. 'खत होणारे' असा दावा असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र मागावे. हे तीन प्रश्न विचारण्यास काही खर्च येत नाही. जेथे महिला बचत गट पळसाच्या किंवा सुपारीच्या पानांच्या पत्रावळी-द्रोण तयार करतात, तेथे अर्थातच त्यांना प्रथम पसंती असावी. लेपाचा सारा प्रश्नच तेथे मिटतो.

शिक्षकांना हा विषय फळ्यावरून शिकवण्यापेक्षा हाताने करून दाखवता येईल. एक कागदी कप गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवावा. सकाळी बोटांनी चोळताच कागदाचा लगदा सुटून येतो. आत पॉलिथिन असल्यास त्याचा अखंड पापुद्रा हाती राहतो. दुसरा प्रयोग याहून सोपा. साध्या कागदाचे तीन तुकडे घ्यावेत. एक तसाच ठेवावा, दुसऱ्याला भाताच्या दाट पेजेचे दोन हात देऊन वाळवावा, तिसऱ्यावर मधमाशांचे मेण घासून वरून कोमट इस्त्री फिरवावी. प्रत्येकावर एक थेंब तेलाचा व एक पाण्याचा टाकून डाग पलीकडे उमटण्यास किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजावे. पेजेचा कागद आणि मेणाचा कागद यांच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या, म्हणजे दोन शत्रूंना एकच ढाल का पुरत नाही, हे सहावीतील विद्यार्थ्यालाही उमगेल.

नैसर्गिक लेपाच्या वस्तूंचा साठा करताना एक पथ्य पाळावे लागते. जो लेप मातीतील बुरशीला चालतो, तो गोदामातील बुरशीला, झुरळांना आणि उंदरांनाही चालतो. पावसाळ्यात दमट खोलीत ठेवलेले गठ्ठे लवकर खराब होतात. त्यामुळे वर्षभराची खरेदी एकदम करण्याऐवजी कार्यक्रमापुरती आणि शक्यतो पावसाळा टाळून करावी. गठ्ठे भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावेत आणि त्यांवर खरेदीची तारीख टाकून जुना माल आधी काढावा.